प्रोसेसर वाढले, पण वेग का वाढला नाही?



गेल्या वर्षीच्या पालकसभेत आम्ही एक विधान केले होते व ते चुकीचे ठरले. ह्या लेखाचे प्रयोजन तेच असल्यामुळे ती गोष्ट आरंभीच सांगून टाकणे बरे.

शाळेच्या कार्यालयाकरिता नवा संगणक घ्यावयाचा होता. त्यासाठी पालकांनी यथाशक्ती वर्गणी दिली. आमचे काही विद्यार्थी शेलूचे, काही वांगणी-नेरळकडचे. त्यांच्या पालकांत भातशेती करणारे आहेत, पहाटेच्या लोकलने कल्याण-ठाण्यास कामास जाणारे आहेत, रिक्षा चालविणारेही आहेत. त्या वर्गणीतील प्रत्येक रुपया कष्टाचा होता. अशा मंडळींपुढे उभे राहून आम्ही म्हटले, "जुन्या संगणकात दोन प्रोसेसर होते, ह्यात आठ आहेत. म्हणजे निकालपत्रके तयार करण्याचे काम आता चौपट लवकर होईल."

वार्षिक परीक्षा झाली. नव्या संगणकावर निकालाचा कार्यक्रम चालू केला आणि घड्याळ पाहत बसलो. काम थोडे लवकर झाले, नाही असे नाही. परंतु चौपट तर राहोच, दुप्पटही वेग दिसेना. नववीतील एक विद्यार्थिनी जवळच उभी होती. तिने दोन-तीन कळा दाबून प्रोसेसरांच्या कामाचा आलेख पडद्यावर आणला. एका प्रोसेसरची रेघ अगदी माथ्यास लागलेली, व बाकीच्या सातांच्या रेघा जवळजवळ तळाशी निजलेल्या! संगणकाच्या एकूण शक्तीपैकी किती वापरात आहे हे दाखविणारा आकडा शेकडा १२ ते १३ च्या पुढे जात नव्हता. शंभरास आठाने भागिले तर साडेबारा येतात, हे पाचवीतला मुलगाही सांगेल.

पुढील सभेत शेलूच्या एका पालकांनी शांतपणे विचारले, "सर, आम्ही आठ मेंदूंचे पैसे दिले, राबतो एकच. मग बाकीचे सात काय करतात?" आम्हांस तेथल्या तेथे समाधानकारक उत्तर देता आले नाही. "अभ्यास करून वार्षिकात लिहू," असे वचन मात्र आम्ही दिले. ते वचन पाळण्याचा हा प्रयत्न होय.

१. एकाचे अनेक का झाले?

प्रथम हे पाहू की, एका संगणकात इतके प्रोसेसर घालण्याची पाळी का आली. इंटेल कंपनीचा १९७१ सालचा '४००४' हा पहिला मायक्रोप्रोसेसर एका सेकंदास सुमारे ७,४०,००० ठोके देत असे. ह्या ठोक्यांच्या तालावर प्रोसेसरचे काम चालते. २००४ साली त्याच कंपनीच्या पेंटियम ४ ह्या प्रोसेसरचे ठोके सेकंदास ३८० कोटींवर गेले, म्हणजे तेहेतीस वर्षांत वाढ पाच हजारपटीहून अधिक झाली. त्या काळात जुन्याच कार्यक्रमांस नवा प्रोसेसर दिला की ते आपोआप वेगाने धावत. कार्यक्रम लिहिणाऱ्यास काही करावे लागत नसे.

परंतु ठोके जलद करावे तसतशी उष्णता वाढू लागली. त्या इवल्याशा तुकड्यातून उष्णता बाहेर काढणे अवघड झाले. ४०० कोटी ठोक्यांचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत इंटेलने २००४ सालीच सोडून दिला; आणि २००५ पासून एका तुकड्यावर दोन प्रोसेसर बसविलेले संगणक सामान्य ग्राहकाच्या हाती येऊ लागले. पुढे दोनाचे चार झाले, चाराचे आठ झाले. ह्या एकेका प्रोसेसरास बाजारात 'कोअर' म्हणतात. एक बैल अधिक जोराने पळविता येईना, म्हणून अधिक बैल जुंपले, असा हा प्रकार आहे. बैल वाढले, पण गाडीही तशीच बांधावी लागते, ह्याकडे ग्राहकाचे लक्ष गेले नाही. आमचेही गेले नाही.

२. लावणीचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या भागात आषाढात भाताची लावणी कशी चालते, हे शेलूच्या मुलांस आम्ही शिकवावे असे नाही. तरीही एक लहानसा हिशेब करून पाहू. समजा, एका खाचराची चिखलणी करावयास २ तास लागतात. खाचर लहान, नांगर एकच. तेथे दुसरा नांगर घालण्यास जागा नाही. चिखलणी झाल्यावाचून लावणीस हात घालता येत नाही. आणि समजा, एकट्या बाईने लावणी करावयाची तर ८ तास लागतात. म्हणजे एकंदर काम १० तासांचे झाले.

आता दोन बायका लावल्या. चिखलणीचे २ तास तसेच राहिले. लावणीस ४ तास लागले. एकूण ६ तास झाले. माणसे दुप्पट झाली, पण काम दुप्पट लवकर झाले नाही. चार बायका लावल्या तर २ आणि २ मिळून ४ तास, वेग अडीचपट. आठ लावल्या तर २ आणि १ मिळून ३ तास. वेग सव्वातीनपटीहून किंचित अधिक. सोळा लावल्या तर अडीच तास; वेग चौपट. पुढे शंभर बायका आणल्या तरी २ तासांच्या आत काम होणे नाही, कारण नांगर एकच आहे. म्हणजे कितीही हात वाढविले तरी वेग पाचपटीपलीकडे जाऊ शकत नाही. आठ बायकांच्या जागी सोळा आणल्या, मजुरी दुप्पट दिली, आणि वाचला तो अर्धा तास!

जीन अम्डाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९६७ साली एका परिषदेत हाच विचार मांडला. ते त्या वेळी आयबीएम कंपनीत होते. कोणत्याही कामाचे दोन भाग पडतात: एक वाटून देता येण्यासारखा, दुसरा एकामागून एकच करावा लागणारा. प्रोसेसर वाढविले तर पहिला भाग आकसतो. दुसऱ्यास हातही लागत नाही. म्हणून शेवटी सगळा वेळ त्या दुसऱ्या भागाचाच उरतो. ह्या विचारास 'अम्डालचा नियम' म्हणतात. दहातील दोन हिस्से एकट्याने करावयाचे असतील तर मर्यादा पाचपट. शंभरातील पाच असतील तर वीसपट. आणि सर्वच काम एकट्याने करावयाचे असेल तर एकपट, म्हणजे काहीच वाढ नाही. आमच्या निकालाच्या कार्यक्रमाची स्थिती ह्या शेवटच्या प्रकारची होती. ज्याने तो लिहिला त्याने एका प्रोसेसरसाठीच लिहिला होता. पहिल्या विद्यार्थ्याचे गुण मिळविल्यावर दुसऱ्याचे, दुसऱ्यानंतर तिसऱ्याचे. बाकीच्या सात प्रोसेसरांस कोणी कामच सांगितले नव्हते. न सांगितलेले काम ते कोठून करणार?

३. एकेरी मार्ग व त्याचे कुलूप

येथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, "बरे, एकच कार्यक्रम वाटता येत नसेल, पण आठ निरनिराळे कार्यक्रम एकाच वेळी चालविले तर आठही प्रोसेसर राबतील ना?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर संगणकाच्या कार्यप्रणालीत सापडते.

कार्यप्रणाली, जिला इंग्रजी नावाने ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती संगणकाची व्यवस्थापक होय. कोणत्या कार्यक्रमास कोणता प्रोसेसर केव्हा द्यावयाचा, मेमरीतील कोणती जागा कोणाची, डिस्कवर कोणी लिहावे, जाळ्यावरून आलेला निरोप कोणास पोहोचवावा, ही सर्व कामे तिची. प्रत्येक कार्यक्रमास घडोघडी तिच्या दारी जावे लागते. तिच्यापाशी काही वह्या असतात, असे समजा. दोन प्रोसेसर एकाच क्षणी एकाच वहीत लिहू लागले तर घोटाळा होईल. एकच जागा दोघांस दिली जाईल, किंवा एकाचे लिहिलेले दुसरा पुसून टाकील. म्हणून वहीस कुलूप लावावे लागते. ज्याच्या हाती किल्ली तो आत. बाकीचे दाराशी उभे.

कर्जत ते खोपोली हा रेल्वेमार्ग एकेरी आहे, हे आपण जाणता. अशा मार्गाच्या एका खंडात एका वेळी एकच गाडी असू शकते. एकेरी मार्गांवर पूर्वी चालकाच्या हाती टोकन देण्याची पद्धत होती. टोकन हाती असल्यावाचून त्या खंडात शिरण्याची त्यास परवानगी नसे. ह्यामुळे टक्कर टळते. पण गाड्या कितीही असल्या तरी मार्गाची शक्ती तेवढीच राहते. नव्या दहा लोकल विकत घेतल्या म्हणून खोपोलीस जाणाऱ्या गाड्या दसपट होणार नाहीत. सुरक्षितपणा हवा तर टोकन हवेच. परंतु टोकन किती लांबीच्या मार्गास एक, ह्यावर सारे अवलंबून आहे. सबंध मार्गास एकच टोकन असेल तर एक गाडी शेवटास पोहोचेपर्यंत दुसरीस हलता येणार नाही. मार्गाचे चार खंड करून प्रत्येकास निराळे टोकन दिले तर एकामागून एक चार गाड्या चालू शकतील.

कार्यप्रणाली लिहिणाऱ्यांनी आरंभी सबंध व्यवस्थेस एकच मोठे कुलूप लाविले. लिनक्स ही कार्यप्रणाली लिनस टॉर्वाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली. तिच्या १९९६ सालच्या २.० ह्या आवृत्तीत अनेक प्रोसेसर वापरण्याची सोय आली. पण कार्यप्रणालीच्या गाभ्यात एका वेळी एकाच प्रोसेसरास शिरता येई. कार्यक्रम स्वतःशी आकडेमोड करीत बसले तर वाढ चांगली मिळे. पण ते वारंवार डिस्ककडे वा जाळ्याकडे जाऊ लागले की सर्वांची रांग त्या एकाच दाराशी लागे.

१९९९ साली ह्याचा उघड पंचनामा झाला. माइंडक्राफ्ट नावाच्या संस्थेने चार प्रोसेसरांच्या संगणकावर लिनक्स आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. फायली पुरविण्याच्या कामात एनटी अडीचपट, व वेबची पाने पुरविण्याच्या कामात ३.७ पट वेगवान, असा तिचा निष्कर्ष होता. ही परीक्षा मायक्रोसॉफ्टच्याच पैशाने झालेली असल्यामुळे लिनक्सच्या मंडळींनी पुष्कळ आरडाओरड केली, व तीत काही तथ्यही होते. परंतु राग ओसरल्यावर त्यांनी शोध घेतला, तेव्हा खरे वैगुण्यही सापडले. लिनक्सच्या त्या आवृत्तीत जाळ्यावरील निरोप हाताळणारा भाग एका वेळी एकाच प्रोसेसरावर चालत होता; संगणकात जाळ्याच्या चार तारा जोडलेल्या असूनही! २००१ साली आलेल्या २.४ ह्या आवृत्तीत तो दोष बराच दूर झाला. ज्याने उणे दाखविले त्याच्या हेतूविषयी शंका असली, तरी दाखविलेले उणे खरे असेल तर ते दुरुस्त करावे, हा धडा त्या मंडळींनी गिरविला. ते मोठे कुलूप फोडून त्याची लहान लहान अनेक कुलपे करण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. आणि शेवटचा अवशेष निघाला तो २०११ साली. म्हणजे एक कुलूप काढावयास पंधरा वर्षे लागली.

फ्रीबीएसडी नावाच्या दुसऱ्या कार्यप्रणालीची हकीकत तर आमच्या विषयास अधिकच लागू पडते. तिच्यातही असेच एक कुलूप होते, व त्याचे नावच 'जायंट', म्हणजे राक्षस, असे होते. ते फोडून बारीक कुलपे बसविण्याचा मोठा उपक्रम २००० साली हाती घेण्यात आला. २००३ च्या जानेवारीत ५.० ही आवृत्ती बाहेर पडली. लोकांस वाटले, आता वेग वाढेल. अनुभव उलट आला. कित्येक कामांत नवी आवृत्ती जुन्या ४ क्रमांकाच्या मालिकेहून मंद ठरली! कारण कुलपे पुष्कळ झाली, आणि प्रत्येक कुलूप उघडण्यास व लावण्यास वेळ लागतो. ज्याच्या संगणकात प्रोसेसर एकच होता, त्यास तर ह्या कुलपांचा उपयोग काडीचा नसून भुर्दंड मात्र पडला. मार्ग कोणता धरावा ह्याविषयी मतभेद होऊन मॅथ्यू डिलन ह्यांनी त्याच वर्षी ड्रॅगनफ्लाय बीएसडी ही निराळी कार्यप्रणाली सुरू केली. मूळ मंडळींनी काम सोडले नाही. २००८ च्या फेब्रुवारीत ७.० ही आवृत्ती आली, तेव्हा आठ प्रोसेसरांच्या संगणकांवर तिचा वेग खरोखर वाढलेला दिसला. आठ वर्षांच्या कष्टाचे फळ ते.

४. निरोपांचा खर्च

कुलपांखेरीज आणखी एक खर्च आहे, आणि तो डोळ्यांस दिसत नाही. प्रत्येक प्रोसेसरापाशी 'कॅश' नावाची स्वतःची छोटी पण फार जलद मेमरी असते. मुख्य मेमरी त्या मानाने दूर व मंद. म्हणून लागणारी माहिती प्रोसेसर आपल्यापाशी उतरवून ठेवतो. एका शाळेत आठ शिक्षक आहेत, आणि प्रत्येकाने गुणांच्या मुख्य वहीची नक्कल आपल्या खोलीत ठेविली आहे, अशी कल्पना करा. वाचण्यापुरते हे फार सोयीचे. पण एका शिक्षकाने एखादा आकडा बदलला की बाकीच्या सात नकला त्या क्षणी खोट्या झाल्या. मग शिपायाने सातही खोल्यांत जाऊन, "तुमची नक्कल रद्द, नवी घ्या," असे सांगितले पाहिजे. सगळेच शिक्षक एकाच पानावर घडोघडी खाडाखोड करू लागले तर शिपायाची धावपळ पुरी होणार नाही, आणि शिकविणे बाजूस राहील.

प्रोसेसरांतही हे निरोप सारखे चालू असतात. म्हणूनच काही कामांत चार प्रोसेसरांचे आठ केले असता वेग वाढत तर नाहीच, उलट घटतो. अम्डालच्या हिशेबात ह्या निरोपांचा खर्च धरलेलाच नाही; तो धरला की आशा आणखी खाली येते. लावणीचेही तसेच आहे. लहान खाचरात सोळा बायका दाटल्या, रोपांच्या जुड्या पुरविणारा मुलगा एकच असला, तर अर्ध्या बायका हात बांधून उभ्या राहतील.

५. घाटातील इंजिने

एवढ्यावरून अनेक प्रोसेसर हे केवळ बाजारातील थोतांड आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. तो अन्याय होईल. कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांस मागून जास्तीची इंजिने लावितात. त्यांस बँकर म्हणतात. १८६३ साली खुला झालेल्या बोरघाटाच्या मार्गावर ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. एका इंजिनास जड गाडी तेथे ओढवत नाही. मागे इंजिने लावल्याने गाडी दुप्पट वेगाने धावते काय? नाही. उलट, ती जोडण्यासाठी कर्जतला काही मिनिटे थांबावे लागते. परंतु एका इंजिनास जो भार पेलला नसता, तो भार घाट चढून लोणावळ्यास पोहोचतो. जास्तीची शक्ती वेगासाठी नसून भारासाठी आहे.

१९८८ साली जॉन गुस्ताफसन ह्या शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट संगणकांविषयी दाखवून दिली. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत १,०२४ प्रोसेसरांच्या संगणकावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारपटीहून अधिक लाभ मिळविला. त्यांचे म्हणणे असे की, प्रोसेसर वाढले म्हणजे मनुष्य तेच जुने लहान काम करीत बसत नाही. तो मोठे काम हाती घेतो, आणि मोठ्या कामात वाटता येण्याजोगा भाग बहुधा वाढतो. खाचर लहान असेल तर सोळा बायका व्यर्थ. पण शिवार मोठे असेल, व प्रत्येक खाचरास आपला नांगर असेल, तर सोळाही पुऱ्या पडणार नाहीत.

ह्याचे उदाहरण घाटमाथ्यापलीकडे, पुण्यातच आहे. अतिशक्तिमान संगणक भारतास देण्यात अमेरिकेने आडकाठी केली, तेव्हा १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा संगणक सिद्ध केला. एकच महाशक्तिमान प्रोसेसर बनविण्याच्या मागे न लागता 'ट्रान्सप्युटर' नावाचे सामान्य शक्तीचे पुष्कळ प्रोसेसर एकत्र जोडण्याचा मार्ग त्यांनी पत्करिला. त्यात प्रत्येक प्रोसेसरास स्वतःची मेमरी होती. एक वही सर्वांनी ओढण्याऐवजी जो तो आपल्या वहीत लिही, व लागेल तेवढाच निरोप शेजाऱ्यास पाठवी. परंतु अशा संगणकासाठी कार्यक्रम मुळापासून वाटून लिहावे लागत. आणि यंत्र जुळविण्याइतकेच ते काम कठीण असते.

आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्क' हा महासंगणक आहे. तो २०२४ साली कार्यान्वित झाला. हवामानाचे गणित वाटणीस फार अनुकूल. आकाशाचे लहान लहान चौकोन पाडावयाचे, प्रत्येक प्रोसेसरास काही चौकोन द्यावयाचे, आणि शेजारच्या चौकोनांच्या कडेवरील वारा, ऊब व ओलावा एवढेच एकमेकांस कळवावयाचे. शेलूचा शेतकरी ज्या पावसाच्या अंदाजाकडे डोळे लावून बसतो, तो अशा हजारो प्रोसेसरांच्या वाटून घेतलेल्या कष्टांतून निघतो. जेथे काम नीट वाटता येते, तेथे अनेक हात खरोखर उपयोगी पडतात.

६. आम्ही पुढे काय केले

हे सर्व वाचल्यावर आम्ही आमच्या कार्यालयातील संगणकाकडे पुन्हा वळलो. पाचवी ते दहावी अशा सहा इयत्तांचा निकाल पूर्वी एकाच धावेत काढीत असू. आता त्या नववीतील विद्यार्थिनीने व तिच्या दोन मैत्रिणींनी प्रत्येक इयत्तेची फाईल निराळी केली, व सहाही इयत्तांचे काम सहा ठिकाणी एकदम सुरू केले. आलेखातील सहा रेघा उठून उभ्या राहिल्या. गुणांची बेरीज व टक्केवारी पाहता पाहता आटोपली. मुलींनी टाळ्या वाजविल्या.

मात्र निकालपत्रके हाती पडावयास त्या दिवशी संध्याकाळच झाली. कारण छापण्याचे यंत्र एकच! सहाही कामे येऊन त्याच्या दाराशी रांगेत उभी राहिली. आमचा एकेरी मार्ग कोठे होता, तो त्या दिवशी कळला. वेळ मुख्यतः जात होता तो छपाईत. आणि आम्ही पैसे खर्चिले होते ते प्रोसेसरांवर. वर्गणी मागण्यापूर्वी घड्याळ लावून एवढेच पाहिले असते की, कोणत्या कामात किती वेळ जातो, तर तीच रक्कम अधिक उपयोगी पडती. ही चूक यंत्राची नव्हे, दुकानदाराची नव्हे, आमची होय. पालकांपुढे ती कबूल करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. बाकीचे सात प्रोसेसर काय करीत होते, ह्या प्रश्नाचे खरे उत्तर हे की, ते आमच्या विचाराची वाट पाहत होते.

मुलांसाठी संगणक घेऊ इच्छिणाऱ्या पालकांस आमची अनुभवाची सूचना अशी. कोअर किती, हा पहिला प्रश्न नव्हे. ह्यावर कोणते काम करावयाचे आहे, व ते काम वाटून घेणारे आहे काय, हा पहिला प्रश्न. चलच्चित्रांचे संकलन करावयाचे असेल तर अधिक कोअरांचा लाभ होतो. लिहिणे, वाचणे, जाळ्यावर अभ्यास करणे, इतकेच असेल तर चार कोअर पुरतात. उरलेला पैसा अधिक मेमरीवर व जलद डिस्कवर घालविणे शहाणपणाचे ठरते. जे विद्यार्थी पायथॉन शिकत आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, त्या भाषेच्या नेहमीच्या स्वरूपातही असेच एक मोठे कुलूप आहे. ते काढून टाकलेले प्रायोगिक रूप २०२४ सालच्या ३.१३ ह्या आवृत्तीबरोबर प्रथम मिळू लागले. म्हणजे कुलपे फोडण्याचे काम अद्याप संपलेले नाही. तुमच्यापैकी कोणासही त्यात हात घालता येईल.

शेवटी एक शब्द. हात वाढविणे सोपे आहे. त्यासाठी पैसा पुरतो. काम वाटणे कठीण आहे. त्यासाठी कामाची नीट ओळख लागते. म्हणून पुढच्या वेळी कोणी, आम्हीसुद्धा, तुम्हांस "आठ आहेत, म्हणजे आठपट," असे सांगितले, तर विनयाने पण निश्चयाने विचारा, "नांगर किती आहेत?"

अभ्यासार्थ प्रश्न

१. एका कामास १०० मिनिटे लागतात. त्यांपैकी १० मिनिटांचे काम वाटता येत नाही. ९ प्रोसेसर लाविले तर किती मिनिटे लागतील? वेग कितीपट होईल? प्रोसेसर कितीही वाढविले तर वेगाची मर्यादा कोणती?

२. चार शिक्षक एकाच वहीत गुण लिहीत आहेत. वही न फाडता व घोटाळा होऊ न देता त्यांचे थांबणे कमी कसे करता येईल?

३. कुलपे फार मोठी असली तर तोटा कोणता, व फार बारीक असली तर कोणता, हे रेल्वेच्या टोकनाच्या दृष्टांताने स्पष्ट करा.

४. आपल्या घरातील किंवा शेतातील एखादे काम निवडा. त्यातील वाटता येणारा व न वाटता येणारा भाग घड्याळ लावून मोजा, आणि आलेले आकडे वर्गात घेऊन या.